सोळा घरांतलं एक उघडं दार

पार्बताबाईंच्या इमारतीत घरं सोळा, आणि राहणाऱ्या त्या एकट्या.

अमरावती आणि अकोल्याच्या मधलं तालुक्याचं गाव. तिथल्या नगरपालिकेनं गावाबाहेर ई-क्लासच्या, म्हणजे सरकारी गायरान जमिनीवर ही इमारत बांधली आणि नाल्याकाठच्या झोपड्यांतल्या सोळा कुटुंबांना सोडत काढून घरं दिली. अट होती: स्वतः राहायचं; दहा वर्षं विकायचं नाही, भाड्यानं द्यायचं नाही. पहिल्या दिवशी सगळ्यांनी दारांना आंब्याच्या पानांची तोरणं बांधली. शेजारच्या घरातल्या आशाबाईंनी तर जिन्याच्या पायऱ्यांनाही हळदकुंकू लावलं.

पण बायकांची धुण्याभांड्यांची कामं गावात, पुरुषांची मार्केट यार्डात. सकाळी सहाला तिकडे जायला वाहन नाही. पाच किलोमीटर पायी जायचं आणि दुपारी उन्हात परत यायचं. चार महिन्यांतच एकेक घर कुलूप लावून गावात भाड्याच्या खोलीत गेलं. जाताना जो तो चावी पार्बताबाईंकडे ठेवी. "तू तं हायेच इथं."

त्या होत्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत खिचडी शिजवता शिजवता त्यांचे गुडघे गेले होते, त्यामुळे कामावर जायचा प्रश्न नव्हता. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती. मुलगी प्राजक्ता अकोल्याला. तिच्याकडे आठ दिवस राहिल्या की जावयाच्या घरात आपण जागा अडवतो असं त्यांना वाटे. आणि या घराच्या कागदावर त्यांचं नाव होतं. त्यांच्या नावाचं दुसरं काहीच कधी नव्हतं.

दोन वर्षं अशीच गेली. वरच्या मजल्यावर एखादं दार वाऱ्यानं आपटलं की त्या जिन्यात येऊन विचारत, "कोन व?" उत्तर येत नसे, हे माहीत असूनही विचारत. दिवसभरात तोंडून एक शब्द निघाला नाही की संध्याकाळी स्वतःचाच आवाज घोगरा लागे.

एकदा आशाबाईंचा फोन आला. नाल्याकाठी दोघींच्या झोपड्यांची भिंत एकच होती. भिंतीवर वाटी वाजवली की दुसरी चहा टाके.

"पार्बता, सोमवारी पालिकेची बाई तपासाले येऊन रायली म्हनते. माहं घर उघडून ठेवजो. दोन लुगडी दोरीवर वायू घालजो, शेगडीवर भांडं ठेवजो. म्हनजो, आशा कामाले गेली."

"तूच ये ना व. दोन दिस रायजो मायासंग. मले इथं करमत नाई."

आशाबाई हसल्या. "मंग कामं कोन करीन? येडी झाली का?"

सोमवारी पार्बताबाईंनी पहाटेच आशाबाईंचं घर झाडलं, फरशी पुसली. दोरीवर लुगडी टाकली, गॅसवर चहाचं भांडं ठेवलं, कपबशा मांडल्या. करता करता त्यांना बरं वाटू लागलं, जणू आशा खरंच दुपारी येणार होती. कपबशा दोन मांडल्या गेल्यात, हे नंतर लक्षात आलं.

अकराच्या सुमारास वर्षाली आली. पालिकेच्या घरकुल विभागातली, तिशीतली मुलगी. तिनं आशाबाईंचं घर पाहिलं, कोरडी मोरी पाहिली. मग पार्बताबाईंच्या दारात खुर्ची घेऊन बसली, कागद काढला.

"मावशी, इथं किती जणं राहता?"

खोटं बोलणं पार्बताबाईंना जड नव्हतं. वाक्य तोंडपाठ होतं. पण हा प्रश्न त्यांना दोन वर्षांत कोणीच विचारला नव्हता.

"मी एकलीच रायते, पोरी," त्या म्हणाल्या. "साऱ्या इमारतीत मी एकलीच."

मग थांबता येईना. सकाळचं वाहन नाही, कामं तिकडे, माणसं लबाड नाहीत, सगळं त्यांनी सांगितलं. वर्षालीनं सगळं लिहून घेतलं. उठताना म्हणाली, "मावशी, घर मिळायची वाट पाहणाऱ्यांची यादी लांब हाये. नोटीस तं द्यावीच लागीन. पन गाडीचं मी वर लिहिते."

नोटिसा गेल्या. महिन्याच्या आत राहायला या, नाहीतर घर यादीतल्या पुढच्या माणसाला. सहा कुटुंबं परतली. आशाबाई आल्या त्या सामान न्यायला.

"तू तोंड मिटून रायली असती तं काय बिघडलं असतं?"

"मले एकलं रायनं होत नोतं, आशा."

"तं माहं घर घालवलं?"

पार्बताबाईंनी गॅसची शेगडी उचलू लागायला हात पुढे केला. "राहू दे," म्हणून आशाबाईंनी ती एकटीनं जिन्यातून उतरवली.

दोन महिन्यांनी पालिकेनं सकाळी सहाची एक गाडी आणि तिची परतीची फेरी सुरू केली. आशाबाईंच्या घरात ललिता आली, मार्केटात हमाली करणाऱ्या नवऱ्याला आणि तान्ह्या लेकीला घेऊन. रात्री बाळ रडलं की पार्बताबाईंना भिंतीतून ऐकू येई. ललिता त्यांना आजी म्हणे, विचारून विचारून काळ्या मसाल्याची भाजी करी. घरं भरली होती, इमारत बोलू लागली होती.

एका रविवारी पार्बताबाई त्याच गाडीनं गावात गेल्या. आशाबाईंच्या गल्लीचा पत्ता विचारत खोलीपर्यंत पोचल्या. आशाबाई ओट्यावर गहू निवडत होत्या. त्यांनी एकदा वर पाहिलं, सूप मांडीवर ओढून घेतलं आणि पुन्हा निवडू लागल्या.

पार्बताबाई ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसल्या. परतीची गाडी यायला अजून दोन तास होते.