दादांची न हलणारी दुर्बीण

आमच्या घरात एक गोष्ट कुणी बोलायची नाही. दादांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, हात थरथरतात. आई त्यांना चहा अर्धाच कप देते आणि वर म्हणते, "म्हशीनं दूध कमी दिलं आज." म्हैस बिचारी रोज फुकट बदनाम होते.

दादांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरनं शेताची वाट बंद केली. वाट ओढ्यातून, सगळी दगडगोट्यांची, मोटारसायकलसुद्धा जात नाही. पेरणीपासून दादांनी रान बघितलं नव्हतं. मी रोज सांगायचो, "दादा, तूर लई झकास हाय." ते म्हणायचे, "तू सांगतोस म्हणून तूर येत न्हाई." आमचं घर गावात उंचावर. ओट्यावर खुर्ची टाकून ते ओढ्यापलीकडच्या हिरव्या पट्टीकडं बघत बसायचे आणि ताटातली भाकरी तशीच राहायची. मला राग यायचा. अहो, मी काय खोटं सांगतो का? आणि जीवही तुटायचा.

म्हणून नांदेडला सोयऱ्यांच्या लग्नाला गेलो तेव्हा येताना दुर्बीण आणली. दुकानदार म्हणाला, "किती पटीची देऊ?" आता मला काय कळतं! आमची रीत एकच. बोअरला पाच एचपीची मोटार पुरत असली तर साडेसाताची टाकायची. म्हटलं, सगळ्यात मोठा आकडा द्या. ती वीस पटीची निघाली, वजनाला वरवंट्यासारखी.

दादांनी ती डोळ्याला लावली, शेताकडं रोखली आणि एकदम ओरडले, "भूकंप! भाईर निघा!"

हा शब्द आमच्याकडं कुणी गमतीनं काढत नाही. किल्लारीच्या वेळची माणसं अजून जिती आहेत. सगळी गल्ली रस्त्यावर आली. शेजारची वहिनी हातात उलथनं घेऊन, समोरचे चुलते अर्ध्या दाढीला साबण तसाच. जमीन मात्र गपगार.

"कुठं हाय भूकंप?" चुलत्यांनी विचारलं.

"त्या अंगाला. सगळी तूर हालून राहिली."

चुलत्यांनी दुर्बीण घेतली, बघितलं, मग दादांच्या हातांकडं बघितलं आणि तोंड उघडलं. पण आईनं त्यांच्याकडं असे काही डोळे वटारले, की ते म्हणाले, "दुर्बीणच खराब दिसते." देव त्यांचं भलं करो.

"फसवलं तुला," दादा मला म्हणाले. मी म्हटलं, "हाव, फसवलं."

मग म्हटलं, ज्याचे डोळे त्यानंच निवडावी. दादांना गाडीत घालून लातूरला नेलं. तिथल्या दुकानदारानंही आधी भली मोठी दुर्बीण काढली. दादांनी दारात उभं राहून रस्त्यापलीकडच्या पाटीवर रोखली आणि लगेच खाली घेतली. "ही बी हालतीय."

"काका, दुर्बीण न्हाई, तुमचे हा..."

मी एवढ्या जोरात खोकलो, की दुकानातल्या दुसऱ्या गिऱ्हाइकानं मला पाणी दिलं. खोकत खोकतच दुकानदाराला बाजूला घेऊन कानात सांगितलं, हातांचं नाव काढू नका. माणूस हुशार. तो मला हळूच म्हणाला, "जेवढं मोठं दिसतं, तेवढं हालणंबी मोठं दिसतं. आठ पटीची घ्या. हलकी हाय, हात दुखत न्हाईत." आणि मोठ्यानं दादांना म्हणाला, "काका, ही बघा, न हालणारी आलीय."

"आठ?" दादा उखडले. "आठात काय दिसंल? तेवढं तर मला चष्म्यातून दिसतं."

चष्म्याचं नाव निघालं ते बरं झालं. दुकानदारानं डोळ्याकडची रबरी कडी खाली मुडपून दिली, चष्मा असताना तशीच ठेवायची म्हणाला. कोपरं बरगडीला टेकवायला लावली. दादांनी बघितलं. मग एकदम गरजले, "अरारारा! तो भजीवाला झाऱ्यानं पाठ खाजवून राहिलाय! कुणी खाऊ नका रे तिथली भजी!"

दुर्बीण ठरली.

घरी आलो तेव्हा ऊन कलतीला लागलं होतं. दादा थेट ओट्यावरच्या खुर्चीत बसले. पण भजीवाला रस्त्यापलीकडं होता, शेत ओढ्यापलीकडं. आठ पटीतही तूर थोडी हलतच होती. शिवाय दिवसभराच्या दगदगीनं हात जास्तच थरथरत होते. ते दुर्बीण लावत, काढत, काच पुसत, पुन्हा लावत. आईनं पाटावर पाट रचून आणले. "कोपरं टेकवा की यावर."

"मी काय म्हातारा झालो का?"

आई पाट घेऊन आत गेली. मला बघवेना. मी जाऊन त्यांच्या खुर्चीपुढं पायरीवर बसलो, त्यांच्याकडं पाठ करून.

"डोकं मधी येतंय तुझं. खाली कर."

मी मान खाली घातली. जरा वेळानं त्यांचं एक कोपर माझ्या उजव्या खांद्यावर आलं. मग दुसरं डाव्या खांद्यावर. त्यांच्या हातांची थरथर माझ्या खांद्यांत उतरत होती. बापाच्या हातांना एवढा कंप आहे हे मला तोवर माहीतच नव्हतं. मी अंग घट्ट केलं आणि दम धरून बसलो.

"थांबलं," दादा म्हणाले.

बांधापासून बांधापर्यंत त्यांनी सगळं रान बघितलं असणार, कारण माझी मान पार आखडली. मग ते हळूच म्हणाले, "फुलोरा दाट हाय रे. खरं सांगत होतास तू."

माझे डोळे भरून आले. पुसायला हात उचलावा तर त्यांचं शेत हललं असतं. मग तसाच बसलो.