काबूलचे बातमीदार आणि सीफमधलं ऑफिस

दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी इंग्रजांनी काबूलच्या बाजारात पगारी बातमीदार पेरले होते, असं मी एका पुस्तकात वाचत होतो. अमीर आजारी आहे, असं एकाने कळवलं की गोरा साहेब दुसऱ्याला विचारायचा. त्यानेही मान डोलावली की बातमी पक्की समजून कलकत्त्याला रवाना. दोघांनी ती एकाच चहाच्या दुकानात ऐकलेली असायची. मी बायकोला वाचून दाखवलं आणि पोटभर हसलो.

त्याच आठवड्यात आमचा मॅनेजर दोनदा दुबईला जाऊन आला. बहारीनच्या सीफ भागातलं आमचं ऑफिसच तिकडे हलणार, या धास्तीने मी चहा देणाऱ्या पेशावरी चाचांना विचारलं, "ऑफिस दुबई जा रहा है क्या?" दोन दिवसांनी अकाउंट्सवाला म्हणाला, "जातंय म्हणे." मी चाचांकडे खात्री केली. "पक्का है साब, सब बोल रहे हैं."

मी तडक लेकीच्या शाळेत शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी अर्ज दिला. तिची दहावी चार महिन्यांवर होती.

संध्याकाळी बायकोने शांतपणे विचारलं, "चाचांना कोणी सांगितलं?"

"मी फक्त विचारलं होतं गं."

"सो बाबा, यू आर द सोर्स," लेक म्हणाली.

"त्या साहेबाला निदान माणसं ठेवावी लागली," बायको म्हणाली. "तू सगळं एकट्याने केलंस."

सकाळी सुट्टी टाकून मी शाळेत गेलो आणि पहिला अर्ज रद्द करा, असा दुसरा अर्ज लिहिला. ऑफिसातल्या बाईंनी तो घेतला, लेकीचं नाव पटावर राहिलं. कारणाच्या रकान्यात मी 'घरगुती' एवढंच लिहिलं.