कोरडेमामांचं निळं पाणी

मी फरशीवाला. कोरडेमामांचं काम उरकल्याशिवाय माझं सुरू होत नाही, म्हणून वीस वर्षं मी या माणसाच्या नावानं बोटं मोडत आलोय. काँक्रीटमधून पाणी झिरपू नये म्हणून त्यावर थर चढवायचे, हा त्यांचा धंदा. बाकीचे ठेकेदार दोन हात मारतात आणि मोकळे होतात. मामा आधी स्लॅब घासून काढणार, बारीक भोकं भरणार, मग स्लॅबमधून जाणाऱ्या पाइपाच्या गळ्याशी बोट फिरवत अर्धा दिवस घालवणार. कुणाकडे गेले तर आधी छताकडे बघतात, मग घरच्या माणसाकडे. ‘कोरडेमामा’ हे नाव साइटवरच्या लोकांनीच पाडलं आणि ते त्यांना आवडतं.

शेवटी चाचणी. गच्चीवर पाणी साठवायचं, त्यात नीळ कालवायची, भिंतीवर पेन्सिलीची रेघ मारायची आणि तीन दिवस थांबायचं. पाणी रेघेच्या बरंच खाली गेलं तर कुठंतरी गळतंय, आणि कुठं ते निळा डाग दाखवतो. मी कुरकुरलो की म्हणायचे, माझ्या हातूनही काहीतरी राहतं रे, चाचणी त्यासाठीच असते.

या इमारतीवर इंजिनिअर म्हणून त्यांचीच मुलगी आली. पहिल्याच दिवशी तिनं बजावलं, की इथं नातं सांगायचं नाही, लोक वशिला म्हणतील. मामांना त्याचंही कौतुक. चारचौघांत तिला ‘मॅडम’ म्हणायचे आणि तोंड फिरवून हसायचे. माझ्याशिवाय कुणाला पत्ता नव्हता.

गच्चीच्या चाचणीवर तिनंच लक्ष ठेवलं, कारण मामा तळघरातल्या टाकीत अडकले होते. तिसऱ्या दिवशी ते वर आले तेव्हा पाणी बरोबर रेघेवर होतं, पण रंग फिका पडला होता. त्यांनी विचारलं. उन्हानं उडाला असेल, ती म्हणाली. दुसऱ्या कुणी असं सांगितलं असतं तर मामांनी पुन्हा तीन दिवस पाणी भरलं असतं. मुलीनं सांगितलं म्हणून त्यांनी कागदावर सही केली आणि मी फरशा बसवल्या.

चार महिन्यांत वरच्या मजल्यावरच्या घरात छतातून पाणी ठिबकायला लागलं. मीच बसवलेल्या फरशा मीच फोडल्या. पाइपाच्या गळ्याशी केसाएवढी फट होती आणि ती आतपर्यंत निळी होती, म्हणजे चाचणीच्या वेळीच पाणी गळलं होतं. मामांनी त्या निळ्यावरून बोट फिरवलं. मग त्यांनी मुलीला वर बोलावलं.

तिनं लपवलं नाही. चाचणीच्या दुसऱ्या दिवशीच पाणी दोन बोटं उतरलं होतं. घरांचा ताबा द्यायची तारीख ठरलेली, तिची नोकरी अजून कायम व्हायची होती. तिनं नळी लावून पाणी रेघेपर्यंत आणलं. मामा एवढंच म्हणाले, की मला सांगायचं होतंस, एका दिवसाचं काम होतं. ती रडली. म्हणाली, "उद्या साहेबांना मी स्वतः सांगते, बाबा."

दुसऱ्या दिवशी बिल्डरसाहेबांनी आम्हा तिघांना बोलावलं. ही चूक कुणाची, त्यांनी विचारलं. मामा निवांत होते. त्यांनी मुलीकडे पाहिलं. तिनं फाइलमधून डोकं वर काढलं नाही.

"काम ठेकेदारांचं होतं, सर. सगळं ठीक आहे, असं मला त्यांनीच सांगितलं."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मामांनी टेबलाखाली माझा गुडघा घट्ट दाबला. "हो साहेब," ते म्हणाले, "माझी नजरचूक झाली." साहेबांनी त्यांना तिथल्या तिथं कामावरून काढलं. यापुढं आमच्या कुठल्याच साइटवर दिसू नका, असंही सुनावलं. वीस वर्षांत या माणसाचं एक छत गळलं नव्हतं. मला त्या पोरीचा राग आला, अजूनही येतो.

बाहेर आल्यावर मी मामांवरच भडकलो, की आयुष्यभराचं नाव मातीत घातलंत आणि वर गप्प बसलात. ते पायरीवर बसले.

"पाणी ओतलं, ते मी समजू शकतो. घाबरली पोर. पण काल म्हणाली, मी सांगते. आणि मी रात्री शांत झोपलो रे." मग म्हणाले, "आता घरी गेलो की दार तीच उघडणार. आत कसा जाऊ, तेवढं सांग."

त्या दिवशी मी त्यांना माझ्या घरी घेऊन गेलो.