मोजायची राहिलेली तीन माणसं

हॉकीचा अंपायर व्हायला माझ्याकडे एकच लायकी होती. माझ्या गळ्यात शिट्टी होती.

भिलाईचा कारखाना तेव्हा अर्धाच उभा होता आणि मी तिथं सिग्नलमन होतो, म्हणजे क्रेनला हात दाखवणारा. क्रेनवाला वर केबिनमध्ये बसायचा आणि लोखंडी खांब उतरायचा भिंतीपलीकडे, त्याला मुळीच न दिसणाऱ्या जागी. त्याला दिसायचा फक्त माझा हात. बोट वर करून फिरवलं की उचल, खाली करून फिरवलं की सोड, हात आडवा ताणला की थांब. खांब हलायच्या आधी खालच्यांना सावध करायला शिट्टी. खांबाखाली दहा-बारा खलाशी, म्हणजे खांबाला साखळ्या बांधणारे मजूर, वावरत असायचे. माझा हात चुकला तर त्यांच्यातला कोणी संध्याकाळी घरी जाणार नाही, हे मला आणि त्यांना पक्कं ठाऊक होतं.

क्रेनवाला आमच्या भंडाऱ्याकडचाच, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा. मी त्याला भाऊ म्हणायचो. बोलणं मोजकं, पण संध्याकाळी मैदानावर उतरला की वारं प्यायल्यासारखा धावायचा. आमच्या डिपार्टमेंटच्या टीमचा तो सेंटर फॉरवर्ड होता.

टीमच्या जुन्या अंपायरची बदली झाली तेव्हा फोरमननं माझ्या गळ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, हा दिवसभर शिट्टीच वाजवतो, यालाच उभा करा. मी उभ्या जन्मात हॉकीची काठी हातात धरलेली नाही, असं मी सांगून पाहिलं. त्यावर तो म्हणाला, अंपायरला काठी लागतच नाही.

शिकवायला दुर्गहून एक गार्डसाहेब सायकलवर यायचे. मालगाडीवर गार्ड होते, मूळचे नागपूरचे, आणि तरुणपणी रेल्वेच्या टीममधून खेळलेले. कॅम्प एक या कामगारवस्तीजवळच्या मुरमाच्या मैदानावर ते मला चुन्याच्या रेघा दाखवत हिंडायचे. दुपारच्या वाऱ्यानं निम्मा चुना उडालेला असायचा, त्यामुळे निम्म्या रेघा मला त्यांच्या शब्दावर मान्य कराव्या लागायच्या.

पहिल्याच सरावात माझी फजिती झाली. फ्री हिट दिली की ज्या बाजूला मारायची तिकडे हात आडवा करायचा, असं त्यांनी शिकवलं होतं. मी हात आडवा केला आणि आमचा भाऊ जागच्या जागी थिजला. बॉल त्याच्या पायाशी होता, हिट त्याचीच होती, पण गडी माझ्या हाताकडे बघत उभाच. दिवसभर तो हात म्हणजे थांब, आणि संध्याकाळी तोच हात म्हणजे मार! लोक पोट धरून हसले. मीही हसलो, पण मनातून हललो होतो. माझ्या हातावर हा माणूस किती विसंबून आहे, हे मला त्या मैदानावरच कळलं.

पुढं तर डोक्यावरून पाणी जायला लागलं. गार्डसाहेब म्हणाले, चूक दिसली तरी दर वेळी शिट्टी वाजवायची नाही. बचाव करणाऱ्यानं चूक केली, पण बॉल तरीही हल्ला करणाऱ्याकडेच राहिला, तर शिट्टी वाजवून तू भल्या माणसाचंच नुकसान करतोस. मला रागच आला. चूक दिसल्यावर गप्प बसायचं? आमच्याकडे असं कोणी केलं तर त्याला त्याच दिवशी गेटबाहेर काढतील. मग मी विचारलं, दिसलीच नाही नीट, शंका आली, तर?

"शंका आली तर शिट्टी वाजवायची नाही," ते म्हणाले. "जे दिसलं त्याचीच शिट्टी."

आणि मला कामावर पहिल्या दिवशी शिकवलं होतं ते याच्या बरोबर उलटं. शंका आली की आधी थांबव, विचार मागून कर. सकाळी एक धर्म, संध्याकाळी दुसरा. घरी जेवताना मी दोन्ही नियम मनात घोळवायचो आणि भात तसाच राहायचा. बायको म्हणायची, तुमचं काहीतरी बिनसलंय. बिनसलेलंच होतं.

सगळ्यात वाईट म्हणजे ऑफसाइड. तेव्हाचा नियम असा, की पुढे थांबलेल्या खेळाडूकडे बॉल मारला जातो त्या क्षणी, तो खेळाडू आणि गोल यांच्या मध्ये समोरच्या टीमचे निदान तीन जण हवेत. दोनच असले तर ऑफसाइड. म्हणजे एक डोळा मारणाऱ्यावर, दुसरा त्या तिघांवर. देवानं माझे दोन्ही डोळे एकाच दिशेला लावलेत, असं मी म्हणालो. गार्डसाहेबांना ते आवडलं नाही.

मग तो रविवार आला. दोन डिपार्टमेंटची मॅच, अर्ध्या मैदानाला एक अंपायर. पलीकडच्या अर्ध्यात गार्डसाहेब, अलीकडच्या अर्ध्यात मी. आमची टीम एका गोलनं मागे होती आणि वेळ संपत आली होती. बरोबरी साधली तरी ती पुढच्या फेरीत जाणार होती. डाव्या बाजूच्या पोरानं रेघेजवळून बॉल सणसणीत मारला. माझी नजर बॉलबरोबर गेली. ती गोलपाशी पोचली तोवर भाऊनं बॉल गोलकीपरच्या बाजूनं आत लोटला होता.

बॉल मारला तेव्हा त्याच्यापुढे किती जण होते? मी मोजलेच नव्हते. आता तिथं तीन दिसत होते, पण त्यातला एक धापा टाकत होता. तो आधीपासून होता की मागाहून धावत आला? मला कळेना. आणि एवढा विचार संपायच्या आत शिट्टी वाजलेली होती, हात आडवा झालेला होता. हात कधी उठला ते मला आजही सांगता येत नाही.

भाऊनं आनंदानं काठी उचलली होती. त्यानं माझा हात पाहिला आणि काठी खाली घेतली. बाकीचे माझ्या अंगावर धावून आले. फितूर झालास का, असं एकानं विचारलंच. भाऊनं त्यांना बाजूला सारलं.

"हात दाखवला ना त्यानं," तो म्हणाला. "चला मांगं."

आम्ही हरलो. जिंकलेल्या टीमचे लोक येऊन माझी पाठ थोपटत होते, आपल्याच टीमचा गोल नाकारणारा असा सच्चा माणूस पाहिला नाही म्हणत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गार्डसाहेबांकडे पाहिलं, तर ते म्हणाले, मी तिकडे होतो, इथलं तुझं तू जाण. आणि सायकलवर बसून गेले.

सोमवारी सकाळी खांबाला साखळी बांधली, खलाशी बाजूला झाले, मी बोट वर करून फिरवलं. क्रेन हलली नाही. पुन्हा फिरवलं. नाही. मग वर केबिनचं दार उघडलं आणि भाऊ शिडीनं एकेक पायरी उतरायला लागला. जेवणाच्या सुट्टीआधी तो कधीच खाली यायचा नाही.

तो मला जरा बाजूला घेऊन गेला.

"काल बॉल मारला तवा माह्यापुढं किती जन होते? तुले दिसलं होतं?"

दोन होते, असं सांगणं अगदी सोपं होतं. मला दिसलं नाही म्हणणाऱ्या सिग्नलमनच्या हातावर कोण खांब उचलेल? शब्द ओठावर आला होता. पण त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तो निघेना.

"नाही दिसलं, भाऊ," मी म्हणालो. "म्हणून थांबवलं."

त्यानं हातातल्या चिंधीला हात पुसले.

"तिघं होते. मी मोजूनच धावलो होतो," तो म्हणाला. "तू दोन म्हनला असता तं मी आज दुसरा सिग्नलमन मांगनार होतो."

मी गळ्यातली शिट्टी चाचपली.

"इथं असाच थांबवत जा," तो म्हणाला. "तिकडची शिटी मात्र दुसऱ्याले देऊन टाक."

तो पुन्हा शिडी चढून गेला. मी जागेवर येऊन बोट वर केलं. खांब जमिनीवरून सुटला. मला रडू येत होतं, पण खलाशी बघत होते आणि भाऊही बघत होता, म्हणून बोट फिरवत राहिलो.