फी काकांनी भरली होती

मधुकरराव गेल्याचं मला पंधरा दिवसांनी कळलं, तेही जाफराबादच्या जीपमध्ये, एका वकिलाच्या कारकुनाकडून. ते सरकारी हस्ताक्षरतज्ज्ञ होते. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं जालन्यात, कोर्टातल्या साक्षीच्या दिवशी, आणि पुढची आठ वर्षं त्यांच्यावर संशय घेण्यात घालवली.

तीर्थपुरीच्या चार एकरांचा दावा होता. काका म्हणत, अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, रान त्यांना विकलं. अण्णा म्हणत, खरेदीखतावरची सही माझी न्हाईच. कोर्टानं कागद तपासायला पाठवला. अर्ज काकांचा, म्हणून तपासणीची फीही काकांनीच भरली. तिथंच माझ्या डोक्यात किडा शिरला. साक्षीच्या दिवशी ते एसटीतून उतरले तेव्हा आमच्या वकिलानं लांबून दाखवले, आणि मी स्टँडपासून मधुकररावांच्या मागं चालत राहिलो. चहा कुणासोबत घेतात, कुणाकडे बघतात, सगळं टिपलं. कोर्टाच्या पायरीवर काकांनी नमस्कार केला, त्यांनी नुसती मान हलवली... मला तेवढं पुरलं. साक्षीत त्यांनी सांगितलं, सही अण्णांचीच आहे. आमच्या वकिलानं विचारलं, "फी मिळाली ना तुम्हाला?"

"मला नाही. चलनानं सरकारी खजिन्यात. सही खरी निघो की खोटी, माझा पगार तोच."

साव बनून राह्यलाय, मी मनात म्हटलं. दावा आम्ही हरलो.

अण्णा अंथरुणाला खिळले तेव्हा एका दुपारी म्हणाले, "सही माझीच व्हती. तुझ्या आईच्या दवाखान्यासाठी रान इकलं. तुला सांगायची हिंमत न्हाई झाली."

"मंग शपथेवर खोटं बोलले तुम्ही?"

त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

अण्णांच्या तेराव्यानंतर मी मधुकररावांचं घर शोधलं. निवृत्त होऊन ते जालन्यातच राहायला आले होते. सगळं सांगून माफी मागितली. ते हसले. "तुम्ही स्टँडपासून मागं येऊन राह्यले होते, दिसलं मला. बराबर केलं. संशय घेणं तर माझीही नोकरी होती." मग म्हणाले, "त्या दिवशी तुमचा चेहरा पाहून वाटलं होतं, माझं चुकलेलं असतं तर बरं झालं असतं..." त्यानंतर बाजारहाटाला जालन्यात आलो की त्यांच्याकडे चहा ठरलेला.

ते गेल्याचं कळल्यावर परवा त्यांच्या घरी काकूंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, भेटायला गेलो. बाहेर टेम्पोंचा गलका. बोलणं ऐकू येईना म्हणून मी दार लावायला उठलो.

"नका लावू," काकू म्हणाल्या. "कुणी कोर्टाच्या कामाचं आलं की ते दार सताड उघडं ठेवायचे. आत काय चाललंय ते रस्त्यानं जाणाऱ्यानंही बघावं म्हणायचे. रिटायर झाले तरी सवय न्हाई गेली."

मी हात मागं घेतला. रस्त्यावरची धूळ आत आली. काकूंनी ती मधुकररावांच्या खुर्चीवरून पदरानं पुसली आणि दार तसंच राहू दिलं.