पानांचा घागरा

“सरांच्या शेजारी उभं करा त्याला. शेड जुळतेय का बघू.”

शाळेच्या सभागृहात स्नेहसंमेलनाची रंगीत तालीम चालू होती. उल्हासनगरहून आलेला मेकअपवाला पाचवीच्या मुलांच्या तोंडाला काळा रंग फासत होता. कार्यक्रमपत्रिकेवर ‘आदिवासी नृत्य’ होते. शाळेच्या संचालिका, ज्यांना आम्ही सारे मॅडम म्हणतो, पहिल्या रांगेत बसून सूचना देत होत्या. शेड जुळवण्याची सूचना त्यांचीच होती.

मेकअपवाल्याने ती मनावर घेतली. एका रंगवलेल्या मुलाला त्याने खांद्याला धरून माझ्याजवळ आणले. माझा गाल पाहिला. मुलाचा गाल पाहिला.

“थोडा और डार्क लगेगा, मॅडम.”

सभागृह हसले. शिक्षिका हसल्या, विंगेत वायर ओढणारा साउंडवाला हसला, तो रंगवलेला मुलगाही हसला. आणि मी हसलो.

मी त्या शाळेत चित्रकला शिकवतो. आवाज बरा आहे आणि मराठी स्वच्छ आहे, म्हणून प्रत्येक समारंभाचे सूत्रसंचालनही माझ्याकडेच असते. वयाची पन्नाशी मागे पडली आहे. बारवी धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगरात, आमची ठाकर आदिवासींची वाडी. तिथून शिकून बाहेर पडलो आणि बदलापुरात, बेलवलीत, दोन खोल्यांत स्थिरावलो. वाडी मी कधी लपवली नाही. मात्र स्वतःहून तिचे नाव घेतल्याचेही मला आठवत नाही. त्या दिवशीचे माझे हसणे मी नंतर पुष्कळ वेळा तपासून पाहिले. भीतीने हसलो असतो तर स्वतःला क्षमा करता आली असती. मी सवयीने हसलो. अपमान झाला आहे हे कळण्यापूर्वीच माझे ओठ कामाला लागले होते.

पोशाख उल्हासनगरच्या भाड्याच्या दुकानातून गोण्या भरून आले होते. गोणीवर मार्करने लिहिले होते : ‘जंगली’. आत हिरव्या प्लॅस्टिकच्या पानांचे घागरे, पिसांचे मुकुट, पुठ्ठ्याचे भाले, हाडांच्या आकाराचे मणी. आमच्या वाडीतही नाच होतो. पुरुष धोतर नेसतात, डोक्याला फडके बांधतात, ढोलाच्या ठेक्यावर एकमेकांच्या कमरेला हात घालून फेर धरतात. बायकांचे लुगडे गुडघ्यापर्यंत खोचलेले असते. भाला मी आयुष्यात प्रथम पाहिला तो याच सभागृहात.

शाळेचे वर्ष चांगले गेले होते, हे मान्य केले पाहिजे. रोबोटिक्सच्या मुलांनी विभागीय स्पर्धा जिंकली. दोघींना गणिताच्या ऑलिंपियाडमध्ये पदके मिळाली. पोहण्यात एक मुलगा चमकला. आणि सातवीतली कविता सहाशे मीटर धावण्यात जिल्ह्यात पहिली आली. कविता आमच्या शेजारच्या वाडीतली. शासनाच्या राखीव पंचवीस टक्क्यांतून तिला या शाळेत प्रवेश मिळाला होता. नाक्यावर शाळेने मोठा फ्लेक्स लावला. त्यात सर्वांत मोठा फोटो तिचाच होता. इतर मुलांच्या फोटोंखाली त्यांची नावे होती. तिच्या फोटोखाली लिहिले होते : ‘जंगलातून जगाकडे’.

तालीम संपल्यावर मॅडमनी मला बोलावले.

“सर, कविता प्राइज या डान्सच्या ड्रेसमध्ये घेईल. आधी ती, मग लगेच डान्स. म्हणजे थीम कंटिन्यू होते.”

मी म्हणालो, “बाकीची मुलं ब्लेझरमध्ये घेणार आहेत, मॅडम.”

“म्हणूनच तर! युनिफॉर्ममध्ये ती बाकीच्यांसारखीच दिसते. मग पाहुण्यांना जर्नी कुठे दिसणार?”

मी कार्यक्रमपत्रिकेची घडी घातली. त्यांनी त्याचा नेहमीचा अर्थ घेतला, होकार.

“ती नाही म्हणतेय. तुम्ही सांगा तिला. तुमच्यातलीच आहे ना? तुमचं ऐकेल.”

तुमच्यातलीच. हा शब्द त्यांनी अगदी प्रेमाने उच्चारला. आणि मी गेलो. कुणी ढकलले नाही, धमकी दिली नाही. मी माझ्या पायांनी त्या मुलीकडे गेलो.

कविता फाटकापाशी आईची वाट पाहत उभी होती. तिची आई अंबरनाथच्या एमआयडीसीत पॅकिंगच्या कामाला जाते. पाळी सुटली की रिक्षाने येऊन मुलीला घेते. मी बोलायला सुरुवात केली तेवढ्यात ती आलीच. मी दोघींना समजावले. पाच मिनिटांचा प्रश्न आहे. घागऱ्याखाली आपले कपडे असतातच. पाहुणे मोठे आहेत, पुढच्या स्पर्धांना मदत होईल. माझा आवाज मऊ होता. तो नेहमीच मऊ असतो.

कविताने सगळे ऐकून घेतले.

“सर, तुम्ही नेसाल का?”

“मी कशाला नेसू? मला थोडंच बक्षीस आहे?”

“मग मला बक्षीस आहे म्हणून पानं का?”

आई ऐकता ऐकता रिक्षावाल्याशी सुट्ट्या पैशांसाठी वाद घालत होती. तिने रिक्षा सोडली आणि माझ्याकडे वळली.

“मास्तर, तुमची आय मला चांगली ठावं हाय. बाजाराला यायची, लुगड्याची घडी मोडू द्यायची नाही. तिनं कधी पानं नेसली व्हती का हो?”

“नाही.”

“मंग आमच्या पोरीलाच का? आपून काय ढोरं हाव का? आन् सांगाया कुनाला धाडलं, तर तुमाला! बरा गडी गावला त्यांना.”

ती हसली. तिच्या हसण्यात राग असता तर मला बरे वाटले असते. तिला माझी कीव आली होती. ती मुलीला म्हणाली, “चल गं, मास्तरांना उशीर व्हतोय,” आणि दोघी वाडीकडे जाणाऱ्या टमटमकडे चालू लागल्या. मी फाटकाच्या आत उभा राहिलो. माझी आई चौघींत उठून दिसायची. तिच्या अंगावर मी स्वतःच पाने चढवायला निघालो होतो. हे मला एका पॅकिंग करणाऱ्या बाईने सांगितले तेव्हा कळले. घरी जाईपर्यंत एवढेच ठरले, की त्या मुलीला पुन्हा काही सांगायचे नाही. त्यापलीकडे जाण्याचे धैर्य तोवर माझ्यात नव्हते.

संमेलन शाळेच्या मैदानावर झाले. मांडव भरलेला. पाहुणे कोणत्याशा कंपनीचे मालक. मी माइकपाशी होतो. रोबोटिक्सची मुले आली, टाळ्या झाल्या. ऑलिंपियाडच्या मुली आल्या. पोहणारा मुलगा आला. सगळ्यांना ब्लेझर, सगळ्यांना हस्तांदोलन, सगळ्यांना फोटो. मग मी विंगेत पाहिले. कविता उभी होती. धुतलेला, कडक इस्त्रीचा गणवेश. तेल लावून घट्ट घातलेल्या दोन वेण्या. तिच्या मागे काळी तोंडे केलेली पाचवीची मुले भाले घेऊन ढकलाढकली करत होती.

मॅडम मंचावरूनच वाकून माझ्याशी कुजबुजल्या.

“हे काय? ड्रेस कुठाय तिचा? नाव वाचू नका. आधी चेंज करायला पाठवा.”

“ती बदलणार नाही, मॅडम.”

“मग स्किप करा. डायरेक्ट डान्स अनाउन्स करा.”

माइक माझ्या हातात होता. मी जे बोललो ते असे :

“यानंतर इयत्ता सातवीची कविता. सहाशे मीटर धावणे, जिल्ह्यात पहिली. ती गणवेशात आली आहे. पानांचा घागरा नेसल्याशिवाय तिला बक्षीस देऊ नये, असे मला सांगण्यात आले आहे. मी ते ऐकणार नाही. मी स्वतः ठाकर आहे. आमच्याकडे कुणी पाने नेसत नाही. पाहुण्यांना विनंती, त्यांनी उभे राहावे आणि…”

माइक बंद झाला. साउंडवाल्याने कुणाच्या खुणेवरून तो बंद केला हे मी पाहिले.

टाळी पडली नाही. दुसऱ्या रांगेतून एक पालक म्हणाले, “सर, छोट्या कार्यक्रमात कशाला पॉलिटिक्स?” आणखी कुणी तरी म्हणाले, “ए, डान्स लावा ना यार, पोरं कधीची थांबलीयेत.” पाहुण्यांनी मोबाइल काढला. करंडक त्यांच्यापुढे टेबलावर होता, हात लांब केला असता तर पुरला असता.

कविता चालत मंचाच्या मध्यभागी आली. तिचे नाव घेतले गेले होते, म्हणून ती आली. हात पुढे न करता, सरळ उभी राहिली. आणि गाणे सुरू झाले. ‘हू हू’ करत काळी तोंडे मंचावर धावली, तिच्याभोवती फेर धरून भाले नाचवू लागली. त्या मुलांचा काही दोष नव्हता. त्यांना शिकवले तसे ती करत होती. फोटोग्राफर धावला. त्याला हवे ते चित्र मिळाले. फेर एका बाजूने सुटेपर्यंत ती थांबली आणि मग विंगेत निघून गेली. घाईने नव्हे. जिल्ह्यात पहिली आलेली मुलगी मी इतकी सावकाश चालताना पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात मॅडम समजुतीने बोलल्या. “इतकी वर्षं तुम्ही आमच्याबरोबर बसून चहा घेता, सर. आम्ही कधी काही मानलं का?” चहा ही माझ्यावर केलेली मेहेरबानी होती, हे मला त्या वाक्याने कळले. मग त्या म्हणाल्या, “माफी लिहून द्या, विषय संपला. आणि त्या मुलीला सांगा, ट्रॉफी ऑफिसमधून घेऊन जा म्हणावं.”

हा निरोप मात्र मी पोहोचवला. कविताच्या आईने ऐकला आणि म्हणाली, “मागल्या दारानं न्यायला पोरीनं चोरी केली का?”

सहकारी मला निवृत्तीची आठवण करून देतात. थोडी वर्षे राहिली आहेत, कशाला वाकडे घेता, सर? त्यांना माझी काळजी आहे, यात शंका नाही. तालमीत सभागृह हसले तेव्हाही ते तिथेच होते.

मी माफी लिहून दिलेली नाही. देणार नाही. शिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार केली आहे आणि पोलीस ठाण्यातही दिली आहे, माझ्या नावाने, माझ्या वाडीच्या नावाने, जमातीच्या उल्लेखासह. ती मागे घ्या म्हणून सांगायला माणसे येऊन गेली. आणखी येतील. त्यांना मी दारातच उत्तर देतो, आणि आवाज आता मऊ ठेवत नाही. कविताला तिचे बक्षीस त्याच मंचावर, तेवढ्याच लोकांसमोर, तिचे नाव घेऊन दिले पाहिजे. ते होईपर्यंत मी शाळेत रोज जाणार, रोज विचारणार. त्यांना मला काढायचे असेल तर त्यांनी काढावे. मी स्वतःहून जाणार नाही.