पाच जणांची नी-कॅप

शत्रुघ्न मांजरेकरने कुवेतमध्ये एकोणीस वर्षं काढली, त्यातली निम्मी गुडघ्यांवर. कुणापुढे नाक घासत नव्हे, लाद्या बसवत. बाथरूमची लादी बसवावी तर या कुडाळच्या माणसानेच, असं कंपनीत सगळे म्हणत आणि हा ऐकून न ऐकल्यासारखं करी. काम संपलं की मगभर पाणी जमिनीवर ओतायचा आणि हाताची घडी घालून बघत राहायचा. पाणी कुठे न रेंगाळता सरळ मोरीच्या जाळीकडे गेलं, की त्याला जेवण गोड लागे. बायकोने फोनवर 'जेवलास काय' विचारलं तरी आधी त्या पाण्याची हकिगत ऐकावी लागे बिचारीला.

सप्टेंबरात उजवा गुडघा कुरकुरू लागला. आधी जिना उतरताना, मग बसून उठताना, आणि पुढे पुढे कंपनीच्या बसमध्ये नुसतं बसलं तरीही. गुडघ्याच्या वाटीभोवती कुणी बोट रुतवून ठेवावं तसं दुखे. एक दिवस सलवा भागातल्या एका बंगल्यात तो गुडघे टेकून बसला तो उठेचना. दोघांनी काखेत हात घालून त्याला उभा केला. फोरमन ओवैस हैदराबादचा, जिभेने तिखट पण मनाने बरा. त्याने शत्रुघ्नला लाद्या कापायच्या मशीनवर उभ्याचं काम दिलं आणि म्हणाला, "दो महीने देता हूँ, शत्रुभाई. उसके बाद घुटने पे बैठ सके तो ठीक. नहीं तो गाँव जाके आराम करो, फिर बुला लेंगे."

असा 'आराम' करायला गेलेला एकही माणूस परत आलेला कुणी पाहिला नव्हता.  कधी ना कधी गावी जायचंच होतं, त्याचं शत्रुघ्नला दुःख नव्हतं. पण सेहेचाळिसाव्या वर्षी 'मोडला म्हणून पाठवला' असं होऊन जायचं नव्हतं. लादी सोडून दुसरं काही त्याला येतही नव्हतं.

डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं, तुटलंफाटलं काही नाही, वाटीभोवतीचं दुखणं आहे, व्यायामाने उतरेल. व्यायाम शिकवायला त्या क्लिनिकात विशाखा होती, पुण्याची, तिशीतली, बोलायला मऊ पण सूट न देणारी. तिने चार व्यायाम करून घेतले आणि वाटीच्या जागी गोल भोक असलेली एक नी-कॅप मापाने बसवून दिली. म्हणाली, "हिने थोडा आराम पडला तर व्यायाम नीट करता येतील. कुणाला पडतो, कुणाला नाही. खरं औषध व्यायामच, मांजरेकर. ही नुसती सोबत."

"होय ताई," शत्रुघ्न म्हणाला. त्याने त्यातलं सोबतीचं तेवढं ऐकलं.

अब्बासिया वस्तीत तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टच्या बिल्डिंगमध्ये त्यांची पाच जणांची खोली होती. खोलीचा कायदा एकच: उंबऱ्याच्या आत आलं ते सगळ्यांचं. कुकर सगळ्यांचा, इस्त्री सगळ्यांची, लग्नाकार्याला घालायचा एकुलता एक काळा कोट सगळ्यांचा. दोन चाळिशा चार जण वापरत. नी-कॅपला वेगळा न्याय कोण देणार? पहिल्याच संध्याकाळी प्रभाकरने, "बघतंय हां जरा," म्हणत ती चढवली, चार पावलं टाकली आणि म्हणाला, "मेल्या, ह्या बेस आसा."

प्रभाकर शाळेची बस चालवायचा आणि क्लच दाबून त्याचाही गुडघा ठणकायचा. तो शत्रुघ्नच्याच वाडीतला, दहा वर्षांनी मोठा. त्यानेच शत्रुघ्नला इथे आणलं होतं आणि पहिल्या थंडीत आपलं जाकीट त्याच्या अंगावर घातलं होतं. त्याला 'नको' कुठल्या तोंडाने म्हणणार? मग दापोलीकडचा इद्रीस, दिवसभर शिडीवर चढणारा वायरमन, तोही रांगेत आला. रविवारी आणि मंगळवारी शत्रुघ्न, सोमवारी आणि बुधवारी प्रभाकर, गुरुवारी इद्रीस, शुक्रवार-शनिवार सुट्टी, अशी पाळी लागली. तिघांनाही बरं वाटतंय असं तिघंही म्हणत. व्यायामाचं मात्र राहून गेलं. खोलीत पाच खाटा, तांदळाची गोणी आणि चपलांचा ढीग. जमिनीवर आडवं व्हायचं कुठे, आणि चार बाप्यांसमोर एक पाय वर करून पडायचं कसं?

तीन आठवड्यांनी विशाखाने त्याला तपासायच्या टेबलावर झोपवलं आणि पाय सरळ उचलायला सांगितला. चौथ्या वेळी पाय लटपटला. तिने नी-कॅप हातात घेऊन ताणून पाहिली. नी-कॅपला बामाचा आणि बांगड्याच्या कढीचा वास येत होता.

"ही इतकी सैल कशी झाली?"

 शत्रुघ्नला खोटं बोलायचा कंटाळा आला, म्हणून त्याने सगळं सांगून टाकलं, वारांसकट आणि ओवैसच्या मुदतीसकट. विशाखा ओठ चावून हसू आवरत होती. पण बोलली ते स्पष्ट बोलली.

"तीन गुडघे, तीन मापं, आणि दुखणंही एकच असेल कशावरून? प्रभाकरकाकांना इथे पाठवा, मी बघते. आणि तुमचं सांगू? मांडीचे आणि कमरेच्या बाजूचे स्नायू कमावले नाहीत ना, तर असल्या दहा पट्ट्या बांधूनही तुम्ही जमिनीवरून उठणार नाही. पाच आठवडे उरलेत तुमच्याकडे."

हे त्याने खोलीवर जसंच्या तसं सांगितलं. प्रभाकर म्हणाला, "माझा नाव दवाखान्यात नको. डायवरच्या गुडघ्याचा कळला तर लायसन जायत." शत्रुघ्नने पुन्हा विचारलं, त्याने पुन्हा मान फिरवली, आणि पाळी चालूच राहिली. पण इद्रीस उठला, तांदळाची गोणी गॅलरीत नेली, चपला दाराबाहेर काढल्या आणि म्हणाला, "पट्टा खोलीचा, तर कसरत पण खोलीची. झोप खाली."

तेव्हापासून रोज संध्याकाळी भात शिजेपर्यंत त्या मोकळ्या पट्टीत शत्रुघ्न पाय उचलायचा, कुशीवर वळून उचलायचा, भिंतीला पाठ लावून अर्धा खाली सरकायचा. इद्रीस आकडे मोजायचा आणि एकही आकडा गाळायचा नाही. पहिला आठवडा नुसता चिडचिडीचा गेला. तिसऱ्यात जिना उतरताना कठडा धरायचं तो विसरला, आणि खाली पोचल्यावर लक्षात येऊन तिथेच उभा राहिला. चौथ्यात विशाखाने जाड स्पंजवर गुडघे टेकायला लावले. "थोडं दुखेल. वाढत गेलं तर थांबा. दर वीस मिनिटांनी उठायचं, आठवण ठेवून," तिने बजावलं.

ओवैसने ठरवलेला दिवस सोमवारी आला. त्या दिवशी नी-कॅप शत्रुघ्नची, हे रविवारी जेवताना पाचही जणांनी मान्य केलं होतं. पण दोन महिन्यांची सवय. सोमवारी पहाटे प्रभाकर उठला, डोळे चोळत खिळ्यावरची नी-कॅप काढली, पायात चढवली आणि बस घेऊन निघून गेला. शत्रुघ्नने खिळ्याकडे हात नेला तेव्हा तिथे काहीच नव्हतं. इद्रीसने प्रभाकरला फोन लावला, तर तो उशीखाली वाजला.

शत्रुघ्न तसाच गेला. सलव्यातलाच बंगला, छोटं बाथरूम. स्पंज ठेवून त्याने गुडघे टेकले, आणि पहिल्या दोन लाद्या त्याने काढून पुन्हा बसवल्या. मग हाताला काम सापडलं. वीस मिनिटं झाली की उठायचा, पाय झाडायचा, परत बसायचा. भिंतीला हात न लावता तो उठतो, हे ओवैस दारातून बघत होता. दुपारनंतर वाटीभोवती दुखायला लागलं, पण वाढलं नाही. शेवटी ओवैसने स्वतःच मग भरून पाणी ओतलं. पाणी वळलं आणि जाळीत गेलं.

"कल सात बजे. ऊपरवाला बाथरूम," ओवैस म्हणाला.

संध्याकाळी शत्रुघ्न तिसऱ्या मजल्यावर पोचला तेव्हा प्रभाकर दाराबाहेर पायरीवर बसला होता. नी-कॅप मांडीवर, सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही, डोळे लाल.

"प्रत्येक थांब्यार तुझो गुडघो दिसा होतो माका," तो म्हणाला. "तुझी नोकरी घालवलंय मी."

शत्रुघ्न त्याच्या शेजारी बसला. या म्हाताऱ्यावर आपला किती जीव आहे हे त्याला एकदम कळलं. उद्या सात वाजता कामावर जायचंय, एवढंच त्याने सांगितलं. प्रभाकरने तोंड फिरवून शर्टाच्या बाहीने डोळे पुसले.

"दुखला?" त्याने विचारलं.

"दुखला. पण उठलंय माझो मी." शत्रुघ्नने त्याच्या मांडीवरची नी-कॅप उचलून आपल्या खिशात घातली. "तू पण उठतलस. लायसनाचा मगे बघूया. परवा माझ्यावांगडा ताईकडे चल."

इतके दिवस मान फिरवणारा प्रभाकर कठडा धरून उठला.

"येतंय," तो म्हणाला.